चार बोटं

आमच्या खाचराच्या बांधावर एक दगड होता. काळा, तेव्हाच्या माझ्या गुडघ्याएवढा, वरून चपटा. पावसाळ्यात आम्ही भावंडं बांधावरून एका रांगेत चालायचो आणि दगडापाशी आलं की प्रत्येकानं त्याच्यावर उभं राहून एक गिरकी घ्यायची, असा नियम होता. दगडाच्या दोन्ही अंगांना पाऊल मावेल एवढी सारखी जागा होती. उजवं पाऊल आमच्या बाजूला, डावं शेजारच्या काकूंच्या.

मळवली स्टेशनात उतरून भाज्याच्या रस्त्याला लागलं की समोर लोहगड आणि विसापूर उभे राहतात. त्यांच्या पायथ्याच्या उतरणीला आमची बावीस गुंठे भातजमीन. राहायला आम्ही लोणावळ्यात, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. आजोबा नगरकडून लोको शेडच्या कामाला आले ते इथलेच झाले. पप्पाही रेल्वेतच, घाटातले ड्रायव्हर. जमीन त्यांनी सोसायटीचं कर्ज काढून घेतली होती आणि सुट्टीचा दिवस ते तिथेच घालवायचे.

घाटातला ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगायला हवं. मुंबईहून येणारी गाडी कर्जतला थांबते आणि तिच्या मागे आणखी इंजिनं लागतात. रेल्वेतले लोक त्यांना बँकर म्हणतात. १८६३ मध्ये बोरघाटात रूळ पडले तेव्हापासून चढ तोच आहे, सदतीस फूट पुढे जावं तेव्हा एक फूट वर. एकट्या इंजिनाला तो झेपत नाही. बँकर मागून रेटतात, गाडी लोणावळ्याला पोचते, बँकर सुटतात आणि गाडी पुण्याकडे निघून जाते. पप्पा बँकरवर असायचे. डब्यातल्या माणसाला मागे कोणी ढकलतंय याचा पत्ताही नसतो. पप्पांना याचा अभिमान होता. देवाचं काम असंच करावं, मागे राहून, असं ते म्हणायचे आणि ते नुसतं बोलणं नव्हतं. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या कितीतरी मुलांच्या फिया त्यांनी भरल्या होत्या, त्या मुलांनाही ते कधी कळलं नाही. हे आधी सांगते, कारण पुढची गोष्ट एका वाईट माणसाची आहे असं कोणी समजू नये.

संध्याकाळी आमच्याकडे कौटुंबिक प्रार्थना असायची. कापणीच्या दिवसांत आम्ही खळ्यावरच मुक्कामाला असलो की तीच प्रार्थना कंदिलाच्या उजेडात व्हायची. पप्पा पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचायचे आणि मग आई रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं लावायची, टाळ घेऊन. काकूंचे मालक माळकरी. त्यांनी पहिल्यांदा ती भजनं ऐकली तेव्हा ते खळ्याच्या कडेला येऊन बसले आणि हातानं ताल धरला. हे तर आमच्यातलंच आहे, म्हणाले. पप्पांनी त्यांना सांगितलं, टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे. काका हसले. म्हणाले, "मग वाटेत देहू लागलंच की." आमच्या वावराशेजारचा ओढा इंद्रायणीला मिळतो आणि इंद्रायणी पुढे देहूला जाते. त्या रात्रीपासून दोन घरं जवळ आली.

१९८८ च्या थंडीत काका गेले. मूलबाळ नव्हतं. काकू एकट्या.

भाताचा बांध दरवर्षी नव्यानं करावा लागतो. चिखलणी झाली की कुदळीनं बांधाचं अंग तासायचं, गवत काढायचं, खेकड्यांची भोकं बुजवायची आणि खाचरातला चिखल वर लिंपायचा. मग पाणी धरून राहतं. पप्पा हे सगळं निगुतीनं करायचे. काका गेल्यानंतरच्या पावसाळ्यापासून तासताना त्यांची कुदळ चार बोटं आत जायला लागली. बांध आमच्या अंगानं बारीक व्हायचा. बारीक बांध पाण्याच्या रेट्यानं फुटायचा धोका, म्हणून काकू त्यांच्या बाजूनं चिखल चढवून तो पुन्हा जाड करायच्या. म्हणजे बांध दरवर्षी चार बोटं त्यांच्या वावरात सरकायचा आणि सरकवायची मेहनतही त्यांचीच असायची.

याला आपल्याकडे बांध कोरणं म्हणतात. भावाभावांत कुऱ्हाडी निघतात त्या याच्यापायी. पप्पांना कोणी तो शब्द तेव्हा वापरला असता तर त्यांनी शपथेवर नाकारलं असतं. बांध वाकडा आहे, मी सरळ करतोय, एवढंच ते स्वतःला सांगत होते. काका जिवंत असताना तो त्यांना कधी वाकडा दिसला नव्हता.

१९९३ च्या जुलैत मी अकरा वर्षांची होते. चिखलणी चालली होती, मी बांधावरून चालत गेले आणि गिरकी घ्यायला दगड शोधला, तर दगड बांधावर नव्हता. तो आमच्या खाचरात उभा होता. सगळा बाहेर आलेला, भोवती पाणी आणि बांध त्याच्या पलीकडे.

"पप्पा, हा दगड आपल्या वावरात कसा आला?"

"पाण्यानं सरकला असेल."

"पाण्यानं सरकला असता तर खाली गेला असता. काकूंचं वावर खाली आहे."

पप्पांनी कुदळ थांबवली नाही. "उन्हाळ्यात पहार लावून काढून टाकू," म्हणाले. "नांगराला लागतो."

मला उत्तर पटलं नव्हतं, पण मोठ्या माणसांच्या उत्तरांशी भांडायचं वय नव्हतं. दगड हललेला नव्हताच. तो होता तिथेच होता. सरकलं होतं ते बाकीचं सगळं.

नोव्हेंबरात आमच्या मंडळीत कापणीचा सण. ज्यानं त्यानं आपल्या कष्टाचं आणायचं. कोणी भोपळा, कोणी कोंबडी, कोणी लोणच्याची बरणी, कोणी विणलेला स्वेटर. उपासना झाली की आवारात लिलाव होतो. भोपळा एकानं घ्यायचा, पैसे भरायचे आणि तोच भोपळा पुन्हा लिलावाला द्यायचा. एका भोपळ्यावर मंडळीच्या छपराचे पत्रे आलेले मी पाहिले आहेत. पप्पा दरवर्षी पंचवीस किलो तांदूळ आणायचे, नव्या भाताचा, गिरणीतून सडून आणलेला. इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून काढलेलं हे वाण १९८७ मध्ये आलं, म्हणजे तेव्हा ते आजच्यासारखं घरोघरी झालेलं नव्हतं. गोणीचं तोंड सोडलं की वास पहिल्या बाकापर्यंत जायचा. पप्पांची गोणी हा सणाचा मान असायचा. ती नेहमी शेवटी पुकारायची.

त्या वर्षी उपासनेआधी संडे स्कूलच्या मुलांना काहीतरी सांगा, असं पाळकसाहेबांनी पप्पांना सांगितलं. पप्पा उपदेश करणारे नव्हेत. त्यांनी घाटच सांगितला.

"चढताना गाडीला ताकद लागते," ते म्हणाले. "उतरताना लागतो ब्रेक. घाट उतरताना मधेमधे एक फाटा असतो, कॅच सायडिंग. तो फाटा खाली जात नाही, उलट वर चढतो आणि शेवटाला वाळू असते. रूळ मुळात त्या फाट्याकडेच जोडलेले असतात. म्हणजे गाडी बेफाम सुटली तर सरळ खाली न जाता त्या वाळूत जाऊन रुतेल. आता चांगल्या गाडीनं काय करायचं? सिग्नलपाशी येऊन पुरतं थांबायचं. चाक हलता कामा नये. गाडी थांबू शकते हे दिसलं की मगच रूळ बदलतात आणि खालची वाट मिळते."

माझा धाकटा भाऊ पहिल्या रांगेत होता. सहा वर्षांचा. "पण पप्पा, तुम्ही तर जुने ड्रायव्हर. तुम्हाला ओळखतात सगळे. तुम्हालापण थांबावं लागतं?"

"मलापण."

"का?"

"कारण सिग्नल माणूस ओळखत नाही. गाडी थांबते का, तेवढंच बघतो."

मुलं पुढचं ऐकायला बसली होती, पण पप्पा पुढे बोलले नाहीत. हातातली टोपी एकदा फिरवली आणि बाकावर जाऊन बसले. मला वाटलं, विसरले.

उपासनेत अर्पणाची वेळ आली. सगळे आपापली वस्तू घेऊन पुढे निघाले. पप्पांनी गोणी खांद्यावर घेतली, मधल्या वाटेनं चार पावलं गेले, थांबले. मागचे लोक खोळंबले. मग ते वळले आणि गोणी तशीच खांद्यावर घेऊन दारातून बाहेर पडले. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, जा.

मी त्यांना स्टेशनच्या जिन्यावर गाठलं. पुण्याची लोकल लागली होती. लोणावळ्यानंतर पहिलंच स्टेशन मळवली. दहा मिनिटांची वाट, पण पप्पा दारात उभे राहिले, बसले नाहीत. रविवारचा कोट घातलेला माणूस, खांद्यावर तांदळाची गोणी. लोकं बघत होती.

काकू अंगणात सूप घेऊन पाखडत बसल्या होत्या. पप्पांना पाहून म्हणाल्या, "काय डायवरभाऊ, आज तुमचा सण न्हवं?"

पप्पांनी गोणी ओट्यावर टेकवली. घाम पुसला. काकूंनी मला पाण्याचा तांब्या आणायला सांगितला. मी आत जाऊन आले तरी पप्पा उभेच होते.

"वहिनी, बांध माझ्याकडून सरकलाय."

सूप थांबलं नाही. कोंडा उडत राहिला, दाणे मागे येत राहिले.

"ठाव हाय मला."

"कधीपासून?"

"मालक गेल्याच्या पयल्या पावसापासून. माज्या करंजापासून बांधापत्तूर म्या पावलाला पाऊल लावून मोजते. मालक हुते तवा एकशे वीस पावलं भरायची. औंदा एकशे अठरा भरली, अन् वर चार बोटं."

पप्पा खाली बसले. ओट्यावर नाही, जमिनीवर.

"मग तुम्ही बोलला का नाहीत, वहिनी?"

आता सूप थांबलं. "कुनाला सांगू? गावात म्हनले असते, डायवरनं बांध कोरला, तर लोकं म्हनली असती, त्यो मानूस? दारू न्हाई, शिवी न्हाई, सांजच्याला देवाचं पुस्तक वाचतो, आन् ही रांड त्याच्यावर आळ घेती. तुमची प्रार्थना आडवी आली मला, भाऊ."

ते वाक्य मी आजवर विसरले नाही. पुढे मी शाळेत शिकवलं, मंडळीत बोलले, धर्मावरची बरीच पुस्तकं वाचली. आमच्या लोणावळ्यातच ज्यांची साधना संस्था आहे, त्या फादर अँथनी डिमेलोंच्या छोट्या छोट्या गोष्टीही कॉलेजात असताना हाती आल्या, वाचणाऱ्याला आरशासमोर उभं करणाऱ्या. त्या आवडल्या. पण धर्मशील माणसाच्या नावाची सावली दुसऱ्याच्या तोंडावर कशी पडते, हे मला काकूंच्या अंगणात समजलं होतं. पप्पांनी चोरी लपवायला प्रार्थना केली नव्हती. ते मनापासूनच करायचे. तरीही ती काकूंच्या वाटेत आडवी उभी होती.

पप्पांनी गोणीकडे हात केला. "हे तुम्ही ठेवा."

"देवाला आनली हुती न्हवं? मंग मला कशापायी?" काकू म्हणाल्या. "मला तुमचं दान नगं. माजं काय ते माजं मला द्या. बांध दगडाकडं न्या परत."

"आजच नेतो. अंधार पडायच्या आत—"

"आज कुठं न्येता? चिखल वाळलाय. पावसाळ्यातच हुईल ते. अन् रातीचं गुपचूप न्हाई न्यायचं. लावनीच्या टायमाला, समद्या वावरात मानसं असत्यात तवा न्यायचं."

पप्पांनी मान हलवली. परतीच्या लोकलमध्ये त्यांनी मला शेजारी बसवलं, पण एक शब्द बोलले नाहीत.

त्या रात्री त्यांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब मांडला. आई समोर बसली होती. बांधाची लांबी एकशे चाळीस फूट. दरवर्षी चार बोटं म्हणजे तीन इंच, पाच वर्षांत सव्वा फूट. गुंठ्याला पन्नास किलो भात धरला तर पहिल्या वर्षी दीड किलोच्या आसपास, पाचव्या वर्षी आठ. पाच वर्षांचं सगळं मिळून चोवीस किलो भात. सडला तर पंधरा-सोळा किलो तांदूळ. पप्पांनी बेरीज दोनदा केली. दरवर्षी ते देवाला जी गोणी द्यायचे, तिच्यापेक्षाही हे कमी होतं. पुढे एक्स्प्रेसवे आला, त्या पट्ट्यात गुंठ्याचे भाव लोक लाखांत बोलायला लागले. आज चार बोटांची किंमत वेगळी निघेल. तेव्हा ती एवढीच होती आणि तेवढ्यासाठी एक विधवा बाई पाच वर्षं पावलाला पाऊल लावत होती.

"मला दिसत होतं," आई म्हणाली. "मीपण त्याच बांधावरून चालते. आणि तो भात मीच रांधलाय."

आईचं दैवत लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' तिनं इतक्यांदा वाचलेलं की पानं सुटलेली. ती नेहमी सांगायची, लक्ष्मीबाईंनी नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण बदल आधीच झाला होता. ज्या दिवशी कोणाच्याही हातचं पाणी प्यायचं असं त्यांनी मनाशी ठरवलं त्या दिवशी. पाळकानं डोक्यावर पाणी घालायच्या आधी त्यांनी ते तांब्यातून घेतलं होतं, असं आईचं म्हणणं. त्या रात्री तिनं लक्ष्मीबाईंचं नाव काढलं नाही. पण ती उठली, स्वयंपाकघरात गेली, तांदळाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत उभी राहिली.

मग ती परत येऊन म्हणाली, "जक्कयानं चौपट दिलं होतं."

जक्कय जकातदार. लोकांना लुबाडून गबर झालेला, प्रभू येशू त्याच्या घरी उतरायला गेला तेव्हा उभा राहून चौपट परत करीन म्हणाला. संडे स्कूलच्या प्रत्येक मुलाला त्याचं उंबराच्या झाडावर चढणं पाठ असतं. चौपटीचं कोणी फारसं विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी पप्पा सायकलवर चार गोण्या बांधून गेले. काकूंनी एक ठेवली, तीही तागडीवर घालून, चोवीस किलो भरल्यावर उरलेला भात पप्पांच्या पिशवीत परत ओतला. बाकीच्या तीन गोण्या परत आल्या. "चौपट घेतलं तर म्या बी बांधच कोरला की," म्हणाल्या.

पुढच्या रविवारी सूचना वाचून झाल्यावर पप्पा मंडळीत उभे राहिले आणि गोणी का परत नेली ते सांगितलं. सगळं, काकूंच्या त्या वाक्यासकट. मंडळीच्या कमिटीचा राजीनामा दिला. बाहेर आल्यावर एका वयस्क गृहस्थांनी त्यांना बाजूला घेतलं. इथे आपण मूठभर, आधीच लोकांच्या नजरा आपल्यावर, असलं चव्हाट्यावर आणून ख्रिस्ती नावाला बट्टा कशाला लावायचा, असं त्यांचं म्हणणं. त्यांची भीती खोटी नव्हती. आपण थोडे असलो की आपल्यातल्या एकाची चूक सगळ्यांच्या अंगावर येते, हे मीही भोगलं आहे. तरी मला वाटतं, त्या गृहस्थांचं चुकत होतं. बट्टा मावळातल्या एका बांधावर पाच वर्षं सगळ्यांना दिसेल असा पडून होता. मंडळीला तेवढा तो दिसला नव्हता.

पाळकसाहेब काही बोलले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र एक बाक रिकामं होतं. त्या बाकावर बसणाऱ्या घरातले आजोबा पुण्याला भावाकडे गेले होते, बारा वर्षांनी, हे मला खूप उशिरा कळलं.

मग आला मधला काळ आणि तो फार लांब होता. नोव्हेंबर ते जुलै. केलेलं कबूल झालं होतं, पण भरून निघालं नव्हतं. प्रार्थना रोज व्हायची. पप्पा मोठ्या आवाजात करायचे ती आता हळू करायला लागले, कधी कधी नुसतेच हात जोडून बसायचे आणि आई आमेन म्हणायची. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे भावाचं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं येशूनं सांगितलं आहे. पप्पांनी ते शंभर वेळा वाचलं असेल. पण समेट करायला पावसाची वाट बघावी लागते, हे शास्त्राच्या कुठल्या पानात त्यांना सापडत नव्हतं. उन्हाळ्यात एकदा ते पहार घेऊन वावरात गेले. दगडाच्या बुडाशी बसून त्यांनी हातानं माती काढली, किती खोल आहे ते पाहिलं आणि माती पुन्हा लोटून आले.

चौपटीचा काटा त्यांच्या मनात होताच. जूनमध्ये ते काकूंकडे जाऊन म्हणाले, "वहिनी, भात नको तर नको. एका बांधाचं चौपट म्हणजे चार बांध. तुमच्या वावराचे चारही बांध औंदा मी घालतो." काकूंनी जरा विचार केला. पाच वर्षं सरकत्या बांधाला चिखल लावून लावून त्यांचे हात दुखले होते. "मेहनत असंल तर चालंल," म्हणाल्या.

१९९४ च्या जुलैतला तो दिवस. विसापूर ढगात बुडालेला, पाऊस बारीक, सगळीकडे चिखलणी आणि लावणी. उतरणीवरच्या प्रत्येक खाचरात बाया वाकलेल्या, डोक्यावर इरली. पप्पांनी ड्युटी बदलून घेतली होती. आई, मी आणि धाकटा तिघंही सोबत. काकू करंजाखाली उभ्या होत्या, रोपांच्या जुड्या बाजूला ठेवून.

पप्पांनी बांधाचं पहिलं ढेकूळ काढलं तेव्हा शेजारच्या खाचरातल्या बाया सरळ उभ्या राहिल्या. लावणीच्या ऐन दिवशी धडका बांध कोणी फोडत नाही. एकीनं हाक मारून विचारलं, "काय वो डायवर, बांध का फोडताव?"

काकू काही बोलल्या नाहीत. बोलायचं त्यांचं नव्हतंच.

पप्पांनी कुदळ रोवली आणि पाठ सरळ केली. "मी पाच वर्षं वहिनींचा बांध कोरला," ते मोठ्यानं म्हणाले. "तो परत नेतोय."

पावसाचा आवाज तेवढा राहिला. मग कुठूनतरी एक बाई म्हणाली, "अगं बया, प्रार्थनेवाला!" आणि तीन-चार जणी हसल्या. पप्पांचे कान लाल झालेले मी जवळून पाहिले. धाकट्यानं माझा हात धरला. पलीकडच्या वावरातला एक म्हातारा मात्र हसला नाही. तो आपल्या बैलांना थांबवून बराच वेळ आमच्याकडे बघत होता. मग खाली वाकून स्वतःच्या बांधाकडे बघायला लागला.

दुपारपर्यंत जुना बांध निघाला. आम्ही सगळ्यांनी टोपल्यांनी चिखल वाहिला. नवा बांध दगडाकडे सरकत गेला आणि दगड हळूहळू पुन्हा त्याच्या पोटात गेला, नुसता चपटा माथा वर राहिला. पप्पा चिखल लिंपत होते ते आमच्या बाजूनं आत, आणखी आत. त्यांना थांबवत नव्हतं.

काकू करंजापाशी गेल्या. लुगडं वर खोचलं आणि टाचेला अंगठा लावत मोजत निघाल्या. ओठ हलत होते. सगळं शिवार थांबून त्यांच्या पावलांकडे बघत होतं. बांधापाशी येऊन त्या थबकल्या, एक पाऊल मागे घेऊन पुन्हा टेकवलं, मग खाली बसून हाताची बोटं मातीवर आडवी ठेवली.

"डायवरभाऊ, एकशे वीस भरली. वर चार बोटं आलीत." त्यांनी कुदळ मागितली आणि आमच्या बाजूचा चिखल स्वतः ओढून खाली टाकला, आमच्या खाचरात. "ही तुमची."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ये गं. नाच त्याच्यावर. घट्ट बसू दे."

मी दगडावर चढले. उजवं पाऊल आमच्याकडे, डावं काकूंकडे. खाली चिखल बोटांमधून वर येत होता.